आधी विचारा, धूर कुठं जातो?

दिवाळी सरली, तुरीला शेंगा धरल्या आणि पहाटे अंगावर काटा यायला लागला, की मला गावात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : काका, कोणता गिझर घ्यावा? गाव म्हणजे पुसेगाव. सेवागिरी महाराजांचं साताऱ्याकडचं पुसेगाव वेगळं. आमचं हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. लाईट फिटिंग, नळफिटिंग, मोटार बसवणं ही माझी कामं. त्यामुळं घराघरातल्या न्हाण्या मला आतून माहीत आहेत.

विचारणारा बहुतेक वेळा कंपनीचं नाव आणि किंमत मनात धरूनच आलेला असतो. मी त्याला उलट विचारतो : तुम्ही जे जाळून पाणी तापवणार, त्याचा धूर कुठं जाणार? काही जण हसतात. गॅसला कुठं धूर असतो, म्हणतात. हीच समजूत माणसाचा जीव घेते, म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्याकडं थंडी थोड्याच दिवसांची असते, पण असते तेव्हा बोचते. शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तरी आपण घर तापवत नाही, अंघोळीचं पाणी तापवतो. घरं तापवणाऱ्या मुलखातली गोष्ट मला कळली ती भाच्यामुळं.

भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याच्या घरातला जुना बॉयलर बदलायचा होता. तिथं गॅसवर पाणी तापवतात आणि ते पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतात. खोल्यांना ऊब देऊन कोमट झालेलं पाणी पुन्हा बॉयलरकडं येतं. ‘मामा, तुमच्याच धंद्यातलं आहे, तुम्ही बघा’ म्हणून त्यानं नवा बॉयलर फोनवर दाखवला. माझी नजर गेली धुराड्यावर. ते प्लास्टिकचं होतं! आतमध्ये गॅसचा जाळ भडकतोय आणि धूर बाहेर नेणारी नळी प्लास्टिकची. त्या धुरात जाळण्यासारखी धग उरलीच नव्हती. तोंडाशी नुसता पांढरा वाफारा.

या यंत्राला कंडेन्सिंग बॉयलर म्हणतात. त्यातलं तत्त्व आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही हळद पिकवणाऱ्याला पटकन कळेल. आमच्याकडं बॉयलर म्हटलं की हळद शिजवायचा बॉयलरच डोळ्यांपुढं येतो. फेब्रुवारी-मार्चात हळद काढली की शेतात तो उभा राहतो : खाली जाळ, वर पाण्याची टाकी, तिथून पाइप, आणि पाइपाच्या टोकाला ओल्या हळदीनं भरलेले ड्रम. पूर्वी काहिलीत पाण्यात बुडवून हळद शिजवायचे, तेव्हा सरपण किती लागायचं ते जुन्या लोकांना विचारा. आता वाफ थंड हळकुंडांना भिडते, तिथंच तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना ती आपली सगळी उष्णता हळदीला देऊन टाकते. ड्रमच्या बुडातून गळतं ते पाणी म्हणजे रिती झालेली वाफ.

ही उष्णता किती असते? एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला आणायला सत्तर किलोकॅलरी लागतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540. म्हणजे वाफेत जवळपास आठपट माल दडलेला. गॅस जळतानाही पाणी तयार होतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आपल्या सिलिंडरमधला एक किलो गॅस जळला, की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन धुराबरोबर निघून जातं. तिकडं नळानं येणाऱ्या गॅसच्या बाबतीत एकूण उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा या वाफेत असतो. जुना बॉयलर तो हिस्सा तर गमवायचाच, वर तापलेल्या धुराबरोबर आणखी कितीतरी उष्णता आकाशात सोडायचा. नवा बॉयलर रेडिएटरकडून परत आलेल्या कोमट पाण्यावर तो धूर निववतो, वाफेचं पाणी करतो, तिची उष्णता काढून घेतो आणि मगच धूर बाहेर सोडतो. उरलेलं पाणी किंचित आंबट असतं. ते वेगळ्या नळीनं मोरीत जातं, आणि त्याच्यामुळं गंजू नये म्हणून आतला भाग स्टेनलेस स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2005 पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर तो असाच बसवावा लागतो, फार थोडे अपवाद सोडून.

भाच्याला मी जे सांगितलं त्यात कंपनीचं नाव नव्हतं. परत येणारं पाणी पंचावन्न अंशांच्या खाली असेल तरच वाफेचं पाणी होतं. त्यानं बॉयलर पंच्याहत्तर-ऐंशीवर लावून ठेवला, तर महागाचं यंत्र घेऊनही ते साध्या यंत्रासारखंच चालणार. 2022 साली युरोपात गॅस महागला तेव्हा ब्रिटनमध्ये लोकांना हेच सांगितलं जात होतं, की बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान साठ अंशांवर आणा. बटण फिरवायला पैसे पडत नाहीत. दुसरं सांगितलं, की बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नळीला उतार नीट द्या आणि ती गुंडाळून घ्या; कडाक्याच्या थंडीत ती गोठली की बॉयलर बंद पडतो. यंत्र निवडणं निम्मं काम. ते कुठं, कसं बसवलं आणि कसं वापरलं, हे उरलेलं निम्मं.

आता आपल्या न्हाणीकडं येऊ. तिकडं धुरातली शेवटची ऊबसुद्धा काढून घेऊन धूर भिंतीपार नेतात. आपल्याकडं गॅस गिझर थेट न्हाणीच्या आत, डोक्याच्या उंचीवर खिळ्याला टांगतात, आणि त्याचा सगळा धूर अंघोळ करणाऱ्याच्या नाकाशी सोडतात.

हे काही मी वाढवून सांगत नाही, हिशेब करून बघा. आमच्याकडची न्हाणी साधारण चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. आत हवा मावते साडेपाच हजार लिटरच्या आत. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर दहा मिनिटं चालला, की जळायला सुमारे दोन हजार लिटर हवा लागते. म्हणजे एका माणसाची अंघोळ होईपर्यंत न्हाणीतली तिसरा हिस्सा हवा गिझरनं ओढलेली असते. थंडी म्हणून झरोक्याला पोतं लावलेलं, दाराच्या फटीत फडकं. दुसरा माणूस त्याच हवेत जातो, मग तिसरा. हवेतला प्राणवायू कमी पडला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. समोरची कडी दिसत असते, पण हात तिथवर जात नाही.

दर हिवाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात. हिंगोलीत भाड्याच्या एका घरात मला बोलावलं होतं. कॉलेजला जाणारी मुलगी न्हाणीत पडली होती. आईनं दार ढकललं, कडी सैल होती म्हणून उघडलं. शेजाऱ्यांनी पित्त म्हटलं, उपास म्हटलं, कांदा हुंगवला. मोकळ्या अंगणात आणल्यावर ती हळूहळू सावध झाली आणि दवाखान्यात प्राणवायू दिल्यावर सावरली. मला बोलावलं होतं गिझरमधून पाणी कमी येतं म्हणून! घरमालक म्हणाला, ‘नवीन आहे, आयएसआय शिक्का आहे.’ शिक्का खराच होता. पण शिक्का गिझरवर असतो, न्हाणीवर नसतो. गिझर नीट जळायला हवा लागते, आणि ती हवा तो शिक्का आणून देत नाही.

गॅस गिझर गावागावात का पसरला, हे मला चांगलं ठाऊक आहे. लाईटचा भरवसा नाही, आणि हा गिझर दोन सेलवर पेटतो. पण हे लक्षात घ्या की लाईट गेली तर न्हाणीतला एक्झॉस्ट पंखा बंद पडतो आणि गिझर मात्र चालूच राहतो. म्हणून ‘पंखा बसवलाय ना’ या उत्तरावर मी काम हातात घेत नाही. माझी अट एकच. गिझर न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, वर पत्र्याची टोपी. सिलिंडरही बाहेर. आत येणार ते फक्त गरम पाणी, तेही सीपीव्हीसी पाइपानं; साधा पीव्हीसी गरम पाण्याला टिकत नाही. भिंतीला एक भोक पाडावं लागतं आणि चार-पाच फूट जादा पाइप. त्या खर्चावर घासाघीस करणारे भेटतात तेव्हा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. गॅस गिझर विकणाऱ्या दुकानदारांनी पावतीवरच ‘न्हाणीत बसवू नये’ असं छापावं, ही माझी मागणी आहे. औषधाच्या बाटलीवर इशारा चालतो, तर इथं का नको?

याच धोक्याचं दुसरं ठिकाण बाळंतिणीची खोली. आमच्याकडं घर तापवायची पद्धत उरली असेल तर ती तिथंच. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, शेपा. आणि वारं लागू नये म्हणून खिडक्या-दारं लावलेली. पूर्वी मातीची घरं होती, वर कौलं किंवा माळवद, त्याला झरोका, दारांना फटी. धूर निघून जायला वाट होती. आता सिमेंटचा स्लॅब, काचेची सरकती खिडकी. रीत जुनी राहिली आणि खोली बदलली. निखारे धूर करत नाहीत म्हणून बाया निर्धास्त असतात, पण कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. आजीबाईंचा मान राखून सांगतो : शेक द्या, पण शेगडी पेटती असेपर्यंत दार किंवा खिडकी उघडी हवी, आणि झोपताना शेगडी खोलीबाहेर. रात्रभर बाजेखाली निखारे ठेवणं आजच्या बंद खोलीत अजिबात चालणार नाही. बाळाला ऊब हवी तर त्याला आईच्या उराशी ठेवा, जादा पांघरूण घाला.

चुलीबद्दल थोडंच बोलतो, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. 2016 साली उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर पोचले, पण अंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवरच तापतं. तुराट्या आणि पऱ्हाट्या फुकट असतात, असं पुरुष म्हणतात. बांधावरून त्या वाहून आणणारी, पहाटे उठून फुंकणारी बाई असं म्हणत नाही. उघड्या चुलीवरच्या हंड्याला जाळातला फार तर सातवा-आठवा हिस्सा मिळतो, बाकी वाऱ्यावर. त्यापेक्षा आपला जुना तांब्याचा बंब कितीतरी शहाणा! त्याचं धुराडं पाण्याच्या पोटातून वर जातं, म्हणजे धूर बाहेर पडायच्या आधी पाणी त्याची उष्णता घेतं. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि गच्ची नाही, त्यांनी बंब मोडीत घालू नये. पडवीत किंवा अंगणात ठेवावा, वर पाइपाचा तुकडा चढवून धूर डोक्याच्या वर काढावा.

विजेला धूर नाही, म्हणून लोकांना ती सगळ्यात सोपी वाटते. पाच माणसांच्या घरात माणशी वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचं तर रोज सव्वादोन-अडीच युनिट जातात, महिन्याला सत्तरच्या आसपास. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतरचा टप्पा महाग आहे, आणि पाणी तापवणारं घर हिवाळ्यात त्या टप्प्यात जातंच. हेच पाणी गॅसवर तापवलं तर महिन्याला साधारण अर्धं सिलिंडर. गिझरवरच्या ताऱ्यांचा अर्थही नीट समजून घ्या. कॉइलमध्ये गेलेली वीज एक तारा असो की पाच, सगळी उष्णताच होते. साठवणीच्या गिझरची टाकी तापवलेलं पाणी किती वेळ गरम धरते, ते तारे सांगतात. पण पाच ताऱ्यांचा गिझर घेतला म्हणून तो दिवसभर चालू ठेवू नका; अंघोळीच्या आधी लावा आणि बंद करा.

रॉडबद्दल मात्र कठोरपणे सांगतो. बादलीत रॉड सोडून बोटानं पाणी बघायची सवय घराघरात आहे. अर्थिंगची तार असते नावाला. खड्डा कोरडा ठणठणीत असतो, नाहीतर थ्रीपिनचा तिसरा पाय कापलेला असतो. रॉडच वापरायचा असेल तर बादली प्लास्टिकची, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात नाही, आणि लहान मुलं घरात असतील तर बादली दाराआड. मीटरच्या बोर्डात तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. ती शॉक बसताक्षणी लाईट तोडते. एमसीबी ते काम करत नाही. ती तारा वाचवते, माणूस वाचवत नाही.

मग घ्यावं काय? ज्याला गच्ची आहे त्याला माझं उत्तर एकच असतं : सौर बंब. आमच्या मुलखात ऊन हे सगळ्यात मोठं पीक आहे, आणि हिवाळ्यात आभाळ मोकळं असतं, म्हणजे गरज असते तेव्हाच ते भरभरून मिळतं. शंभर लिटरचा बंब वर्षाला दीड हजार युनिटांपर्यंत वीज वाचवू शकतो, हा सरकारी कागदांवरचाच आकडा. धूर कुठं जातो, हा प्रश्नच त्याला लागू होत नाही. जळत काही नाही.

तरीही ‘सोलर बसवलं, पाणी गरमच येत नाही’ ही तक्रार मी वारंवार ऐकतो, आणि गच्चीवर गेलो की कारण समोर दिसतं. थंड पाण्याची टाकी सौर बंबाच्या टाकीपेक्षा वर हवी, आणि बसवणाऱ्यानं दोन्ही एकाच पातळीवर ठेवलेल्या असतात. काचेच्या नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं, ते जागा होती तिकडं केलेलं असतं. गरम पाण्याचा पाइप उघडा, लांबच लांब, वाटेतच निवणारा. शिवाय आपलं बोअरचं पाणी जड. क्षार नळ्यांच्या बुडाशी बसत जातो आणि नळ्या मंदावतात. पाणी फारच जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचा साधा सपाट पॅनल घेऊ नका, तो चोंदतो. काचेच्या नळ्यांचा घ्या, आणि तो दरवर्षी धुऊन घ्यायचा हे घेतानाच ठरवा. पावसाळ्यातल्या झडीच्या दिवसांसाठी दुसरी सोय लागते, हेही सांगून ठेवतो. त्या दिवसांत कोमट पाण्यावर भागवावं किंवा बंब पेटवावा.

सरकारशीही माझं भांडण आहे. छतावर वीज तयार करायला 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. चांगलीच गोष्ट आहे, आणि ज्यांनी ते पॅनल बसवलेत त्यांनी आपला विजेचा गिझर पहाटेऐवजी दुपारच्या उन्हात तापवून ठेवावा. पण सौर बंबावर पूर्वी मिळणारं केंद्राचं अनुदान बंद झालं. गावातल्या माणसाची उष्णतेची मोठी गरज स्वयंपाक आणि अंघोळ, एवढीच. ती उन्हावर थेट भागवणारं स्वस्त साधन मदतीविना ठेवायचं आणि महागड्या साधनाला मदत द्यायची, हे मला पटत नाही. जिल्हा परिषदेनं निदान आश्रमशाळा, वसतिगृहं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवरचे बंद पडलेले सौर बंब तरी आधी तपासून सुरू करावेत.

घर बांधायला काढलेल्यांना शेवटचं एक सांगणं आहे. घरकुल असो की स्वतःच्या पैशाचं, स्लॅब पडायच्या आधी मिस्त्रीला सांगून गच्चीपासून न्हाणीपर्यंत दोन सीपीव्हीसी पाइप भिंतीत टाकून घ्या, एक थंड पाण्याचा, एक गरम पाण्याचा, आणि न्हाणीला वरच्या बाजूला बंद न होणारी जाळी ठेवा. सौर बंब आज नाही घेतला तरी चालेल, पाच वर्षांनी घ्या. पाइप मात्र आत्ताच टाका. नंतर भिंत फोडावी लागते, आणि भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.